पॅकेज-अवलंबन, लिनक्स प्रणालीतील

पॅकेज-अवलंबन, लिनक्स प्रणालीतील : संगणकावर एखादी आज्ञावली चालण्यासाठी तेथे अगोदरच असाव्या लागणाऱ्या इतर आज्ञावल्या, लायब्ऱ्या, फाँट व तत्सम सामग्री यांवर ती जी विसंबून असते, त्या संबंधास अवलंबन म्हणतात. आज्ञावलीच्या फायली, त्या ठेवावयाच्या जागा आणि तिला लागणाऱ्या गोष्टींची यादी यांचा एकत्र बांधलेला संच म्हणजे पॅकेज होय. यादीतील एखादी गोष्ट संगणकावर नसेल, तर पॅकेज बसविण्याचे काम अडते. घरगुती संगणकावर ही केवळ गैरसोय ठरते; परंतु जाळ्यामार्फत असंख्य लोकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरवर तीमुळे रुग्णालयाची नोंदणी, बँकेचे व्यवहार किंवा शासकीय दाखल्यांचे काम खोळंबू शकते. उणीव भरून काढण्याच्या पद्धतींचा इतिहास हा मुख्यत्वे जाणकारांच्या स्मरणात असलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा लेखी स्वरूपात आणण्याचा इतिहास आहे.

अवलंबनाचे स्वरूप : ही कल्पना संगणकाच्या बाहेरही परिचित आहे. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात धरमतर खाडीच्या मुखाशी असलेल्या रेवस बंदराचे उदाहरण घेता येईल. अलिबागहून रेवसमार्गे लाँचने मुंबईच्या भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या उतारूला रेवसपर्यंतची एस. टी. बस, धक्का, लाँच आणि लाँच लागण्यापुरते पाणी या सर्व गोष्टी लागतात. तिकिटावर फक्त लाँचचा उल्लेख असतो. ओहोटीला धक्क्यालगतचे पाणी उतरते, ही गोष्ट मात्र नेहमीच्या उतारूला केवळ अनुभवाने ठाऊक असते. आज्ञावलीच्या बाबतीतही काही अवलंबने लेखी असतात, तर काही अलिखित राहतात आणि नवख्या माणसाची अडचण बहुधा दुसऱ्या प्रकारामुळे होते.

रेवस येथून सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीपर्यंत सागरी मार्गाची योजना आहे. रेवसच्या समोर, खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा आहे. या दोहोंमधील पुलाचा विचार १९८० च्या दशकापासून होत आला. तथापि अनेक दशके ती कडी जोडली गेली नाही आणि खाडी ओलांडण्याची गरज होडीने भागविली. पॅकेज-व्यवस्थेतही अशी सोय असते. ‘अमुकच पूल हवा’ असे न म्हणता ‘खाडी ओलांडण्याचे कोणतेही एक साधन हवे’ अशी अट पॅकेजकर्ता लिहू शकतो. उदा., टपाल पाठविणाऱ्या आज्ञावलीस कोणतीही एक टपाल-सेवा चालते. अशा सर्वसाधारण गरजेला आभासी पॅकेज म्हणतात व ती पुरी करणारी अनेक पर्यायी पॅकेजे असू शकतात.

पूर्वेतिहास : युनिक्स प्रणालीच्या आरंभीच्या काळात आज्ञावल्या मूळ संहितेच्या रूपाने दिल्या जात आणि प्रत्येकाने त्या आपल्या यंत्रावर भाषांतरित करून घ्यावयाच्या, अशी रीत होती. बेल प्रयोगशाळेतील स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले. कोणती फाईल कोणत्या फायलींपासून बनते, हे त्यात लिहून ठेवावे लागे व तेवढ्यावरून आवश्यक तेवढेच भाग पुन्हा तयार होत. अवलंबन लेखी मांडण्याचा हा एक महत्त्वाचा टप्पा होय. मात्र तो एकाच आज्ञावलीच्या अंतर्गत भागांपुरता मर्यादित होता.

पुढे सामायिक लायब्ऱ्यांचा प्रसार झाला. अनेक आज्ञावल्यांना लागणारी तीच ती कामे (उदा., अक्षरे छापणे, फाईल उघडणे, गणिती क्रिया करणे) एका लायब्ररीत ठेवून ती सर्वांनी वापरावी, अशी ही योजना आहे. तीमुळे स्मृतीची व साठवणीची बचत होते आणि लायब्ररीतील दोष एकाच ठिकाणी दुरुस्त करता येतो. याची दुसरी बाजू अशी की, ती एक लायब्ररी नसल्यास किंवा निराळ्या आवृत्तीची असल्यास तिच्यावर विसंबून असलेल्या सर्व आज्ञावल्या बंद पडतात. आज भेडसावणाऱ्या बहुतेक अवलंबन-समस्यांचे मूळ या काटकसरीत आहे.

पॅकेज-व्यवस्थेचा उदय : लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी फिनलंडमध्ये १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याला १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची जोड मिळाली व संपूर्ण प्रणालीचे संच वितरित होऊ लागले. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी जुलै १९९३ मध्ये काढलेल्या स्लॅकवेअर या वितरणात पॅकेजे होती; पण एका पॅकेजला दुसरे कोणते लागते याची तपासणी यंत्र करीत नसे. ती जबाबदारी वापरणाऱ्याची मानली जाई.

ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी आयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. या प्रकल्पात दूरदूरचे स्वयंसेवक निरनिराळी पॅकेजे बांधणार होते व ती सर्व एकाच संगणकावर नांदावयाची होती. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांच्या कामाचा मेळ घालण्यासाठी लेखी करार आवश्यक झाला. ‘डीपीकेजी’ या साधनाने तो पुरविला. त्याची सी भाषेतील मांडणी १९९४ मध्ये आयन जॅक्सन यांनी केली. या व्यवस्थेत पॅकेजच्या नोंदीतच त्याला कशाची गरज आहे, कशाची शिफारस आहे, कशाशी ते विसंगत आहे आणि कोणती सर्वसाधारण गरज ते भागविते, हे स्वतंत्र रकान्यांत लिहिलेले असते. १९९५ च्या सुमारास रेड हॅट या कंपनीत एरिक ट्रोन व मार्क यूइंग यांनी ‘आरपीएम’ ही दुसरी व्यवस्था सिद्ध केली. पुढील काळातील बहुतेक प्रमुख वितरणे या दोन कुळांपैकी एकात मोडतात.

या दोन साधनांच्या वर्तनात एक लक्षणीय फरक आहे. आवश्यक पॅकेज नसल्यास आरपीएम काम सुरू करण्यापूर्वीच नकार देते. डीपीकेजी मात्र फायली उलगडून ठेवते आणि पॅकेज कार्यान्वित करण्याची पुढची पायरी घेत नाही. त्यामुळे प्रणालीत एक अर्धवट बसविलेले पॅकेज शिल्लक राहते. सर्व्हरवर अशी अर्धवट स्थिती आढळली की अननुभवी व्यवस्थापक गोंधळून जातो. प्रत्यक्षात ती त्या साधनाच्या नियमांनुसारच झालेली असते व तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्गही ठरलेला आहे.

अवलंबनांचे जंजाळ : ही साधने उणीव दाखवीत; पण ती भरून काढीत नसत. ‘अ’ बसवावयास गेले की ‘ब’ हवे असे कळे. ‘ब’ शोधून आणले की त्याला ‘क’ आणि ‘ड’ हवे असत. आणि ‘ड’ला ‘ब’ची निराळीच आवृत्ती लागे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या अवस्थेस ‘अवलंबनांचा नरक’ अशा अर्थाचे नाव पडले. त्याच सुमारास सी भाषेची मूळ लायब्ररीच बदलली. पाचव्या आवृत्तीकडून ग्नूच्या नव्या लायब्ररीकडे झालेले हे संक्रमण रेड हॅटने डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या ५·० या आवृत्तीत, तर डेबियनने जुलै १९९८ मध्ये २·० या आवृत्तीत केले. जवळजवळ प्रत्येक आज्ञावली या लायब्ररीवर उभी असल्याने जुन्या व नव्या पॅकेजांची सरमिसळ करणाऱ्यांची प्रणाली कोलमडत असे.

यावरील तोडगा म्हणजे ‘एपीटी’ हे साधन होय. १९९८ मध्ये त्याची प्रथम चाचणी झाली आणि मार्च १९९९ मध्ये डेबियनच्या २·१ आवृत्तीबरोबर ते सर्वांना मिळाले. सर्व पॅकेजांची सूची एका मध्यवर्ती भांडारात ठेवावयाची, तिची प्रत प्रत्येक संगणकाने घ्यावयाची आणि एखादे पॅकेज मागितले असता त्याची सर्व अवलंबने शोधून, योग्य क्रमाने आणून बसवावयाची, हे काम एपीटीने यंत्राकडे सोपविले. ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा या कंपनीने २००० मध्ये ते आरपीएम-कुळासाठी रूपांतरित केले. त्याच कुळासाठी २००२ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सेथ व्हिडाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यम’ हे साधन विकसित केले. २०१५ मध्ये फेडोरा वितरणात त्याची जागा ‘डीएनएफ’ने घेतली. डेबियनच्या भांडाराचा विस्तार या व्यवस्थेचे महत्त्व स्पष्ट करतो. १९९६ मधील १·१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. २००५ मधील ३·१ मध्ये ती सु. १५,००० झाली, तर २०२३ मधील बाराव्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक झाली.

गणिती बाजू : एवढ्या पॅकेजांतून परस्परांशी सुसंगत असा गट निवडणे हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. २००४ ते २००७ या काळात यूरोपीय आयोगाच्या साहाय्याने चाललेल्या ‘ईडॉस’ प्रकल्पातील संशोधकांनी असे सिद्ध केले की, दिलेले पॅकेज बसविता येईल की नाही हे ठरविण्याचा प्रश्न तर्कशास्त्रातील समाधेयता-प्रश्नाइतकाच अवघड आहे. स्टीव्हन कुक यांनी १९७१ मध्ये त्या प्रश्नाची काठिण्य-पातळी निश्चित केली होती. सर्व उदाहरणांत झटपट उत्तर देणारी रीत अद्याप कोणास सापडलेली नाही. व्यवहारातील बहुतेक उदाहरणे मात्र सुटसुटीत असतात. २००८ मध्ये ओपनसुसे या वितरणाने समाधेयता-प्रश्न सोडविण्याच्या रीतींवर आधारलेली निवड-यंत्रणा स्वीकारली व पुढे डीएनएफनेही तीच घेतली.

उणिवेची कारणे व निवारण : सर्व्हरवर अवलंबन अपुरे पडण्याची कारणे थोडीच आहेत. (१) भांडाराची सूची जुनी असणे : संगणकाकडील सूचीत नोंदलेली आवृत्ती भांडारातून केव्हाच निघून गेलेली असते, सूची ताजी करताच अडचण सुटते. (२) आवश्यक भांडार चालू केलेले नसणे : उदा., उबुंटू वितरणात काही पॅकेजे ‘युनिव्हर्स’ या विभागात, तर रेड हॅट-कुळात काही पॅकेजे ‘ईपेल’ या पूरक भांडारात असतात. (३) परकी पॅकेजे : अन्य वितरणासाठी किंवा त्याच वितरणाच्या निराळ्या आवृत्तीसाठी बांधलेले पॅकेज आणून बसविणे. हे सर्वांत घातक कारण होय. (४) एखादे पॅकेज विशिष्ट आवृत्तीवर मुद्दाम थोपवून ठेवलेले असणे. (५) वितरणाचे आयुष्य संपलेले असणे : उदा., सर्व्हरवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या सेंटओएसच्या सातव्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला व तिची भांडारे जुन्या जागेवरून जतन-भांडारात हलविण्यात आली.

निवारणाचा क्रमही यावरून ठरतो. प्रथम त्रुटीचा संदेश पूर्ण वाचून नेमके कोणते पॅकेज, कोणत्या आवृत्तीचे, कोणास हवे आहे हे पाहावे. मग सूची ताजी करावी आणि ते पॅकेज कोणत्या भांडारात आहे याचा शोध घ्यावा. डीपीकेजीने अर्धवट ठेवलेली स्थिती एपीटीच्या दुरुस्ती-आज्ञेने मिटविता येते : ती आज्ञा उणी पॅकेजे आणून बसविते किंवा ती मिळण्यासारखी नसतील, तर अर्धवट पॅकेज काढून टाकण्याचे सुचविते. त्यामुळे होकार देण्यापूर्वी काय काढले जाणार आहे ते वाचणे आवश्यक असते. घाईने दिलेल्या होकारामुळे चालू सेवाही निघून जाऊ शकते. पॅकेज बसले असूनही आज्ञावली सुरू होत नसेल, तर तिला कोणत्या सामायिक लायब्ऱ्या सापडत नाहीत हे ‘एलडीडी’ या साधनाने पाहता येते.

अवलंबनाची तपासणी टाळून सक्तीने पॅकेज बसविण्याची सोय दोन्ही कुळांत आहे. तीमुळे संदेश दिसेनासा होतो. उणीव मात्र तशीच राहते. ती पुढे सेवा चालू असताना, बहुधा पहिल्या दुरुस्तीच्या किंवा अद्ययावतीकरणाच्या वेळी प्रकट होते आणि तोपर्यंत मूळ कारण विस्मृतीत गेलेले असते. साधनाने दिलेला नकार हा दोष नसून संरक्षण आहे, हे व्यवस्थापकाच्या शिक्षणातील मूलभूत सूत्र मानले जाते.

भारत व महाराष्ट्र : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही महानगरांत इंटरनेट-सेवा जनतेस खुली केली; परंतु दूरध्वनीच्या तारेवरून मिळणारी ही जोडणी मंद व खर्चिक होती. भांडारातून आपोआप पॅकेजे आणण्याची कल्पना तीत बसणारी नव्हती. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी हेच त्या काळी अनेकांचे भांडार होते. सीडीवर नसलेले एखादे लहान पॅकेज सारे काम अडवून धरी. मुंबई व पुणे येथील लिनक्स-वापरकर्त्यांच्या मंडळांतून सीडींची व अनुभवाची देवाणघेवाण होई आणि यादीत न लिहिलेली माहिती बहुधा तेथेच मिळे.

या परिस्थितीतून निघालेला उपाय म्हणजे भारतीय डेबियन-विकासक रितेश राज सराफ यांचे ‘एपीटी-ऑफलाइन’ हे साधन होय. जोडणी नसलेल्या संगणकावर आवश्यक पॅकेजांची यादी तयार करावयाची, ती जोडणी असलेल्या दुसऱ्या संगणकावर नेऊन पॅकेजे उतरवून घ्यावयाची आणि ती पेनड्राइव्ह वगैरेंवरून परत आणून बसवावयाची, अशी त्याची रीत आहे. जोडणी दुबळी असलेल्या किनाऱ्यावरील वा डोंगराळ गावांत, तसेच सुरक्षिततेसाठी जाळ्यापासून मुद्दाम अलग ठेवलेल्या सर्व्हरवर ती उपयोगी पडते. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने लिनक्सविषयक पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले. त्यांत ‘सिनॅप्टिक’ या पॅकेज-व्यवस्थापकावरील पाठाचाही समावेश आहे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असून तिने डेबियनची पॅकेज-व्यवस्थाही घेतली आहे.

मराठी मजकुराच्या संदर्भात अलिखित अवलंबनाचे एक ठळक उदाहरण मिळते. सर्व्हरवर बहुधा पडदा जोडलेला नसतो. म्हणून त्यावर फाँट बसविण्याची गरज कोणास वाटत नाही. अशा सर्व्हरवर मराठी दस्तऐवजाची छपाईयोग्य फाईल तयार केली असता अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटी उमटतात. दस्तऐवज बनविणारी आज्ञावली नीट बसलेली असते, कोणतीही त्रुटी दाखविली जात नाही आणि तरी निर्मिती निरुपयोगी ठरते. रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या केलेल्या लोहित-मालेतील देवनागरी फाँटाचे किंवा तत्सम पॅकेज बसविल्यावर चौकटी जातात. त्यानंतरही अक्षरजोडणी करणारी लायब्ररी नसेल, तर ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे तुटतात आणि मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद नसेल, तर ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे सोडून हिंदी वळणे येऊ शकतात. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या भाषेला ज्याची गरज पडली नाही, ते यादीत येत नाही. ते लिहिण्याचे काम त्या भाषेच्या लोकांनाच करावे लागते.

संशोधनक्षेत्रातही हा प्रश्न येतो. पुणे जिल्ह्यात खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) निरीक्षणांवर प्रक्रिया करण्यासाठी ‘स्पॅम’ ही आज्ञावली मोठ्या प्रमाणात वापरली गेली. ती ‘एप्स’, ‘ऑबिट’ व ‘पार्सलटंग’ या आज्ञावल्यांवर आणि पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवर आधारलेली होती. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. वैज्ञानिक निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहता यावयाचे असतील, तर निरीक्षणांबरोबरच त्यांवर चालविलेल्या आज्ञावलीची संपूर्ण अवलंबन-यादीही जतन करावी लागते, हे अशा उदाहरणांवरून लक्षात येते.

अलीकडील प्रवृत्ती : एकविसाव्या शतकात दोन निराळे मार्ग पुढे आले. नेदर्लंड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ मध्ये आरंभलेल्या ‘निक्स’ व्यवस्थेत प्रत्येक पॅकेज आपल्या अवलंबनांसह स्वतंत्र जागी राहते. त्यामुळे एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात. २०१३ मध्ये पुढे आलेल्या ‘डॉकर’सारख्या कंटेनर-पद्धतीत आज्ञावली व तिला लागणारे सर्व काही एकाच पेटीत बंद करून पाठविले जाते. यामुळे बसविताना येणारी अडचण जवळजवळ नाहीशी होते. पण पेटीतील लायब्ररीत दोष निघाल्यास प्रत्येक पेटी स्वतंत्रपणे बदलावी लागते. सामायिक लायब्ररीने वाचविलेला खर्च येथे पुन्हा सोसावा लागतो.

अवलंबनांची साखळी लांबत गेल्याने धोक्यांचे स्वरूपही बदलले. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज काढून घेतले गेले आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेली असंख्य पॅकेजे काही तास तयार होईनात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या नोंद ठेवणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघड झाला. तेव्हा ती आपल्या सर्व्हरवर आहे की नाही, हेच अनेक संस्थांना सांगता येईना. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संक्षेपण-साधनात हेतुपुरस्सर चोरवाट घातल्याचे आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आले. सर्व्हरवरील प्रवेशास सु. अर्धा सेकंद अधिक लागू लागल्याने त्यांनी शोध घेतला होता. प्रवेश देणाऱ्या आज्ञावलीस या साधनाची स्वतःला गरज नव्हती. काही वितरणांत मधल्या एका लायब्ररीमार्फत ते तिच्याशी जोडले गेले होते. ते साधन दीर्घकाळ मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळीत होता.

या घटनांनंतर आज्ञावलीतील घटकांची यादी जाहीर करण्याचा आग्रह अनेक देशांत धरला जाऊ लागला. अपुरे अवलंबन यंत्र दाखवू शकते व बहुतेक वेळा भरूनही काढू शकते. यादीतील प्रत्येक पॅकेजमागे ते सांभाळणारे कोणी आहे की नाही, हे मात्र पॅकेज-नोंदीवरून नेहमीच खात्रीने कळत नाही. हा शोध व्यवस्थापकाला स्वतःलाच घ्यावा लागतो.